या शनिवारी कोणाकडे?

प्रश्न नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंचा आहे. त्या आणि त्यांच्या चार मैत्रिणी महिन्यातल्या एका शनिवारी आळीपाळीने एकमेकींच्या घरी रात्रीच्या जेवणाला जमतात. थाटमाट काही नाही. मुलं सोबत असतात आणि गप्पा कुर्त्यांच्या सेलपासून सासूबाईंच्या गुडघ्यांपर्यंत कुठेही जातात. या खेपेला पाळी ताईंची होती. त्यांनी निरोप पाठवला, ‘या वेळी यजमान मी. कपडे साधे.’ त्यावर एकीने विचारलं, ‘तू यजमान, मग तुझे यजमान कोण?’ दुसरीने लिहिलं, ‘साध्या वेशात यायला आपण काय पोलीस आहोत?’ हसणं झालं, पण ताईंच्या मनात प्रश्न राहिला. होस्ट या अर्थी यजमान म्हणणं चूक आहे का? बाईने यजमानीण म्हणावं का? आणि ‘कॅज्युअल’ला साधे नाही तर काय म्हणायचं?

ताई, तुमचा शब्द चुकलेला नाही. होस्ट या अर्थी यजमान मराठीत पक्का रुजला आहे. डिसेंबर २०२१मध्ये आडगावला ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा आपलं नाशिक यजमान होतं. क्रिकेटच्या बातम्यांत तर यजमान संघ कायमचाच. शहराला, संघाला, देशाला हा शब्द सहज बसतो. अडतो तो माणसाला लावताना, त्यातही बाईने स्वतःला लावून घेताना. असं का होतं, ते मुळापासून बघू.

संस्कृतात ‘यज्’ म्हणजे यज्ञ करणे, आणि हा धातू दोन तऱ्हांनी चालतो. पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा ‘यजति’, आणि आपल्याला फळ मिळावं म्हणून कोणी यज्ञ करतो तेव्हा ‘यजते’. पाणिनीने हा भेद एका सूत्रात (१.३.७२) बांधून ठेवला आहे. क्रियेचं फळ कर्त्यालाच मिळणार असेल तर आत्मनेपद, म्हणजे ‘यजते’सारखं रूप, वापरायचं. यजमान हे त्या ‘यजते’चं रूप. मंत्र म्हणणारा वेगळा. ज्याच्या नावाने संकल्प सुटतो, जो खर्च उचलतो आणि पुण्य ज्याच्या पदरात पडतं, तो यजमान. आज सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी ‘यजमानांनी पळीभर पाणी सोडावं’ म्हणतात, तेव्हा तो वेदकाळचा अर्थ जसाच्या तसा आपल्या दिवाणखान्यात बसलेला असतो.

खर्च उचलणारा म्हणून घरचा कर्ता, कर्ता म्हणून मालक, आणि घरच्या बाईच्या तोंडी मालक म्हणजे नवरा, असा हा शब्द घरंगळत आला. एकट्या मराठीतच असं झालं असंही नाही. कानडीत ‘यजमानरु’ म्हणजे घरचे मालक आणि नवराही. आपल्याकडे या अर्थाला आणखी एका गोष्टीने बळ दिलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं तर उखाण्यातच. मग ‘हे’, ‘स्वारी’, ‘घरधनी’, ‘मालक’, ‘यजमान’ आणि पुढे ‘मिस्टर’, असे शब्द नावाच्या जागी उभे राहिले. तुमच्या मैत्रिणीला हसू आलं ते याच वापरामुळे. पन्नाशीच्या पुढच्या बायकांच्या बोलण्यात तो अजून जिवंत आहे.

पण नाशिककराला या शब्दाची तिसरी बाजूही ठाऊक हवी. माझं लहानपण पंचवटीत गेलं. रामकुंडावर गावोगावचे लोक श्राद्धाला, अस्थी विसर्जनाला येतात आणि आपापल्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांना शोधतात. उपाध्यायांकडच्या वह्यांत त्या घराण्यांच्या पिढ्यांची नावं लिहिलेली असतात, आजोबा-पणजोबा कधी येऊन गेले तेही सापडतं. हॉटेलं-लॉज इतके नव्हते तेव्हा ही मंडळी उपाध्यायांच्याच घरी उतरायची आणि तिथेच जेवायची. स्वयंपाकघरातून विचारणा व्हायची, ‘किती पानं?’ आणि ओटीवरून उत्तर जायचं, ‘यजमान आलेत, सहा माणसं आहेत.’ म्हणजे घर उपाध्यायांचं, चूल त्यांची, वाढणं त्यांच्या घरच्या बायकांचं, आणि यजमान कोण, तर पानावर बसलेला पाहुणा! मुळातला अर्थ धरला तर यात काहीच उलटं नाही, कारण धार्मिक कृत्य त्या पाहुण्याच्या नावाने व्हायचं होतं. इंग्रजी ‘होस्ट’चा पूर्वज लॅटिन ‘होस्पेस’ हाही पाहुण्याला आणि पाहुणचार करणाऱ्याला, दोघांनाही चालायचा. जेवू घालणारा आणि जेवणारा यांच्यातली रेघ अनेक भाषांनी पुसट ठेवली आहे, आणि मला ते फार आवडतं.

यजमानीण हा शब्द आहे, बनवलेला नाही. जुन्या लिखाणात यजमानीणबाई भेटतात. पण तिथे अर्थ यजमानाची बायको, घरची मालकीण, असा आहे. पंगत स्वतः मांडणाऱ्या बाईला तो लावला की ती आपोआप कोणाची तरी बायको होऊन बसते. म्हणून माझं मत असं की बाईलाही यजमानच म्हणावं. अध्यक्ष, न्यायाधीश, डॉक्टर हे शब्द बाईला तसेच लागतात, मग हाही लागू दे. एखाद्या संस्थेचा कार्यक्रम असेल, पत्रिका छापायची असेल, तर ‘यजमान’ बेधडक लिहा.

मेजवानी या शब्दातही एक होस्ट दडला आहे. फारसीत मेझबान म्हणजे पाहुणचार करणारा आणि मेझबानी म्हणजे त्याचं काम. आपण काम बाजूला ठेवून जेवण तेवढं घेतलं. तुमच्या शनिवारच्या खिचडी-कढीला मात्र तो शब्द जड होईल.

आता मला खरं जे सांगायचंय ते. मैत्रिणींच्या जेवणासाठी होस्टला नाम शोधायची गरजच नाही. मराठीत ते काम एक छोटं शब्दयोगी अव्यय कधीपासून करत आलं आहे: कडे. ‘या शनिवारी कोणाकडे?’ ‘आमच्याकडे.’ संपलं. कोणाच्या घरी, कोण रांधणार, कोण वाढणार, कोणाची जबाबदारी, हे सगळं त्या दोन अक्षरांत आलं. ‘या वेळी होस्ट मी’ म्हणताना एकटी ‘मी’ पुढे उभी राहते. ‘आमच्याकडे’ म्हटलं की तिच्यासोबत अख्खं घर दारात येतं, कोथिंबीर निवडून देणारे सासरे आणि खुर्च्या मांडणारी मुलगी धरून.

कडेचं मूळ ‘कड’. कड म्हणजे बाजू, काठ. मूल कडेवर घेतो ती कड, कुणाची कड घेतो तीही कड. ‘माझ्या घरी ये’ यात पत्ता सांगितला जातो. ‘आमच्याकडे ये’ यात आमच्या बाजूला ये, आमच्यात ये, असं बोलावणं आहे. एकटी राहणारी माझी एक मैत्रीण ‘माझ्याकडे’ म्हणते आणि तेही अगदी बरोबर. तिचं घर म्हणजे तीच.

गंमत अशी की यजमान या शब्दाने जी दोन कामं केली, होस्टचं आणि नवऱ्याचं, ती दोन्ही या ‘कडे’नेही केली आहेत. जुन्या बायका नवऱ्याबद्दल ‘इकडून होकार आला’, ‘इकडची स्वारी’ असं बोलत. तो वापर आता गेला. पण ‘आमच्याकडे’ अजून आहे. भाजीवालीशी बोलताना कोणी म्हणते, ‘आमच्याकडे वांगं चालत नाही गं.’ घरात पाच माणसं असतात, त्यातली चार वांगं चवीने खातात. चालत नाही ते एकालाच, आणि त्याचं नाव न घेता तो एकटा ‘आमच्याकडे’ होऊन जातो. तुमच्या शनिवारच्या गप्पांत कान देऊन ऐका. ‘आमच्याकडे तर ऑफिसातून आले की फोन हातात’ हे वाक्य कोणी ना कोणी म्हणेलच, आणि बाकीच्या चौघींना ते कोणाबद्दल आहे हे विचारावं लागणार नाही. मला हे ऐकताना दर वेळी वाटतं की एवढ्याशा अव्ययावर मराठीने केवढा संसार टाकला आहे.

कामाची वाटणीही त्याच्याकडेच आहे. ‘पोळ्या तुझ्याकडे, ताक माझ्याकडे, गोड हिच्याकडे.’ प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायच्या बेताला हल्ली पॉटलक म्हणतात. त्याला अंगतपंगत हा जुना, गोड शब्द आहे. शाळेत डबे उघडून गोल बसायचो तीच ही. नाशिकमध्ये खानदेशातून आलेली घरं पुष्कळ, त्यामुळे हिवाळ्यात भरीत कोणाकडे हे ठरवावंसुद्धा लागत नाही.

आता कपडे. ‘साधे कपडे’ खटकलं ते बरोबर खटकलं. एक तर ‘साध्या वेशातले पोलीस’ बातम्यांतून डोक्यात बसले आहेत. दुसरं म्हणजे ‘साधं’ हा शब्द ज्याचा त्याने स्वतःबद्दल वापरायचा आहे. जेवायला बोलावणारी म्हणते ‘साधंच केलंय हं’, आणि ते कानाला छान लागतं. तेच पाहुणी म्हणाली, ‘साधंच होतं जेवण’, तर पुढच्या शनिवारी बोलावणं येईल की नाही सांगता येत नाही. दुसऱ्याने काय साधं घालावं हे सांगतानाही तोच सल राहतो.

इथेही एक अव्यय हाताशी आहे: वर. ‘ती गाऊनवरच दारात आली.’ ‘दूध आणायला बनियनवर गेला.’ ‘घरच्या साडीवरच निघाले.’ अंगावर जे होतं ते न बदलता, असा अर्थ या ‘वर’मध्ये आहे. थाटाच्या कपड्यांशी तो जमत नाही. येवल्याची पैठणी घ्या. कोणी ‘पैठणीवर’ लग्नाला जात नाही, पैठणी नेसून जाते. ‘पैठणीवर’ म्हटलं की पुढे नथ किंवा तन्मणी येतो, आणि तो वर निराळा.

आणि हाच वर जेवणातही आहे. ‘आज खिचडीवर भागवू.’ ‘पिठलं-भाकरीवर काम झालं.’ ‘चहावर दिवस काढला.’ जे आहे तेवढ्यात निभावणं, आणि त्याबद्दल खंत नसणं. कॅज्युअल डिनर आणि कॅज्युअल कपडे या दोन्हींसाठी तुम्ही विशेषण शोधत होता, आणि मराठीत दोन्हीकडे हे एकच अक्षरजोड उभं आहे. खिचडीवर जेवण, घरच्या कपड्यांवर येणं. मला हे जुळताना दिसलं तेव्हा मी भाजी चिरता चिरता थांबले होते.

‘नेसत्या वस्त्रानिशी’ हा वाक्प्रचार मात्र इथे आणू नका. आग लागली, पूर आला, घरातून हाकललं, अशा वेळचा तो आहे. अर्थ तोच, अंगावरच्या कपड्यांसकट, पण त्याच्यासोबत संकट चालत येतं.

कपड्यांचा विषय निघालाच आहे तर, ‘साडी घातली’ हल्ली फार ऐकू येतं. गुंडाळायचं ते नेसायचं, शिवलेलं ते घालायचं, दागिने ल्यायचे, शाल पांघरायची. या क्रियापदांमुळे कपडा न बघताच कळतो. शिवलेली नऊवारी नेसायची की घालायची, असं मला एका मुलीने विचारलं होतं. माझ्या मते घालायची. तिला नाडी आहे, ती पायातून चढते, आणि हाताला निऱ्या कराव्या लागत नाहीत. नेसण्यातलं कसब जिथे शिंप्याने केलं, तिथे क्रियापदही बदललं तर बिघडत नाही. पाचवारीला मात्र नेसणंच राहू द्या, अगदी शनिवारच्या जेवणालाही.

तर तुमचा निरोप मी असा लिहिला असता: ‘या शनिवारी आमच्याकडे. आठच्या आत या, मुलांना भूक लागते. खिचडीवर भागवू. पापड-लोणचं माझ्याकडे, कढी कोणाकडे ते तुम्ही ठरवा. घरच्याच कपड्यांवर या.’

आणि ‘आमच्याकडे’ लिहिताना ‘कडे’ जोडून लिहा. फोन कधी कधी ‘आमच्या कडे’ असं तोडून सुचवतो, ते दुरुस्त करा. ‘कपड्यांवर’चा वरही तसाच, जोडून.