कॅसेरोल सोपाच आहे, सांभाळायचं ते चीजच्या पाकिटाला

ताई, तुमच्या नणंदेची लेक व्हीगन झाली, म्हणजे दूध-तूपही बंद, रविवारी घरचे सगळे जेवायला, मेक्सिकन कॅसेरोल (थर लावून ओव्हनमध्ये भाजायचा पदार्थ) ठरला आणि दुकानदार म्हणतो, "हिरवा ठिपका आहे ना, बिनधास्त न्या." हे तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. नका नेऊ.

राजमा, मका, ढोबळी मिरचीचे थर कसे लावायचे ते तुम्हाला सांगायला नको. घोळ होतो तो वरच्या चीजमध्ये. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि आपल्या शाकाहारात दूध बसतं. व्हीगनसाठी एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचं, चिन्ह वेगळं आहे, हिरवा इंग्रजी 'व्ही' आणि त्यावर पान. नियम २०२२चा.

आमच्याकडे भाची जेवायला होती. धरमपेठेतल्या एका दुकानातून 'नॉन-डेअरी' लिहिलेलं चीज आणलं होतं, व्हीगन म्हणूनच दिलेलं. ताट वाढलं, तेवढ्यात पोरीने ओट्यावरचं रिकामं पाकीट उचललं आणि मागची बारीक अक्षरं वाचली: सोडियम केसिनेट. म्हणजे दुधातलंच प्रथिन! बिचारी वरणाशिवाय भात खाऊन उठली, कारण वरणाला तुपाची फोडणी होती. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला तर बाई एकच धोशा लावून बसल्या, "मॅडम, प्रॉडक्ट हंड्रेड परसेंट व्हेज आहे." अहो, व्हेज कोण विचारतंय? ईमेल केली तर आभार आले आणि सोबत त्याच चीजवर सवलतीचं कूपन. काय म्हणावं बाप्पा!

म्हणून माझं मत, विकतचं चीज सोडाच. वाटीभर काजू गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. लसूण, मीठ, लिंबू, दोन चमचे कॉर्नफ्लोर आणि दीड वाटी पाणी घालून गुळगुळीत वाटा, मंद आचेवर चमच्याला चिकटेल इतपत आटवा. वर ओतून भाजलं की तपकिरी ठिपके येतात. चीजसारखी तार सुटणार नाही, ती अपेक्षाच ठेवू नका. पाहुण्यांत कुणाला काजू चालत नाही का, तेवढं आधी विचारा. मी काही आहारतज्ज्ञ नाही.

तसंही मेक्सिकोत गाईचं दूध-चीज आलं ते स्पॅनिश लोकांबरोबर, १६व्या शतकात. मका, घेवडा, टमाटर, मिरची त्यांची आधीपासूनची. त्यामुळे "चीजशिवाय कसला मेक्सिकन" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. आपण करतो तो प्रकार तसाही अमेरिकेच्या वाटेने आलेला.

थरांत घालायला टॉर्टिया, म्हणजे तिकडच्या मक्याच्या पोळ्या, मिळाल्या नाहीत तर आपल्या मक्याच्या पिठाच्या लाटत बसू नका, चिरतात. तिकडे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात, म्हणून त्यांचं पीठ धरून राहतं. सकाळच्या पोळ्या घ्या, तव्यावर कडक करून. त्यांना तूप लावलेलं नको! नाचोज कुस्करून घालणार असाल तर साधे मिठाचे घ्या, मसाल्याच्या पाकिटांत बरेचदा चीज पावडर असते.

राजमा कुकरमध्येच नीट मऊ करा, टमाटर नंतर. आंबटात तो लवकर शिजत नाही. टमाटराचा रस्सा पार आटवा, नाहीतर खालची पोळी लगदा होते. रंगाला भिवापुरी मिरची, पण हात आखडता. सावजी मसाला मात्र नको, मग जिरं-ओरेगॅनोचा वासच लागत नाही.

ओटीजी (घरचा छोटा ओव्हन) १८० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबा, लगेच कापला तर थर घसरतात. ओटीजी नसेल तर जाड बुडाच्या गंजात झाकण ठेवून, खाली तवा. फक्त वर रंग येणार नाही.

सोबत दही देऊ नका. संत्र्याच्या फोडी, कांदा, सांबार (म्हणजे कोथिंबीर), लिंबू एवढं पुरे. आणि त्या दिवशी वरणाला फोडणी फल्लीतेलाची, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाची द्या.