‘रोबस्ट’ला मजबूत म्हणावे का?

प्रश्न असा आहे: सिंधुदुर्गातल्या काजू कारखान्यांवरच्या प्रकल्पाला ‘उत्पादनक्षमता मोजण्याच्या मजबूत सांख्यिकी पद्धती’ हे शीर्षक चालेल का?

मला त्यात दोन शब्द खटकले. पहिल्याचे लगेच उरकतो. उत्पादनक्षमता म्हणजे कारखाना पुऱ्या ताकदीने चालवला तर किती माल निघेल ते. तुम्हाला हवे आहे ते वेगळेच: तेवढ्याच बीतून, तेवढ्याच माणसांत एकाचा गर दुसऱ्यापेक्षा जास्त कसा पडतो. ती ‘कार्यक्षमता’.

‘मजबूत’चे दुखणे जुने आहे. मजबूत दार असते, चौथरा असतो. ओझे पेलणे हा त्यांचा गुण. जॉर्ज बॉक्स यांनी १९५३ मध्ये संख्याशास्त्रात ‘रोबस्ट’ वापरला तो दुसऱ्याच गुणासाठी: गृहीतक थोडे चुकले तरी निष्कर्ष न ढळणे.

दहा कारखान्यांची वही घ्या. (आकडे माझे, समजुतीपुरते.) १०० किलो बीमागे कुणाचा गर २२ किलो, कुणाचा २४, पहिल्या नंबरवाल्याचा २६. अर्थशास्त्रज्ञ फॅरेल यांच्या १९५७ च्या विचाराप्रमाणे सर्वोत्तमाशी ताडून पाहिले तर २२ वाला सुमारे ८५ टक्के कार्यक्षम. आता लिहिणाऱ्याने घाईत २६ चे ६२ केले. तोच कारखाना एकदम ३५ टक्क्यांवर! बी तीच, सोलणाऱ्या बायका त्याच. १९७८ पासून रूढ झालेल्या ‘डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस’ या कार्यक्षमता मोजण्याच्या पद्धतीचे हेच नाजूक अंग आहे, तिथे सर्वोत्तम कामगिरीची सीमा सगळ्यांत वरच्या बिंदूंवरून ओढतात, म्हणून एका खोट्या बिंदूपायी बाकीचे बुडतात.

कझाल्स, फ्लोरेन्स आणि सिमार यांनी २००२ मध्ये यावर तोड काढली. सगळ्यांतल्या पहिल्याशी तुलना करायचीच नाही. तेवढीच किंवा त्याहून कमी सामग्री वापरणाऱ्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, ठरावीक उचलायच्या, त्यांतला उत्तम बघायचा. असे पुन्हापुन्हा करून सरासरी घ्यायची. ६२ वाला अधूनमधून चिठ्ठीत येतो, पण सगळ्या गावावर राज्य करत नाही.

या गुणाला आमच्याकडे शब्द आहे: काटक. काटक म्हातारी काही दणकट नसते. लावणीला दिवसभर भिजते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उभी असते. ‘चिवट’ जवळचा खरा, पण त्यात हट्ट आहे. खोकला चिवट असतो. ‘सुदृढ’ म्हटले की मला बाळांच्या स्पर्धाच आठवतात. आता प्रामाणिकपणे सांगायचे तर मूळ लॅटिन ‘रोबुर’ म्हणजे ओक, त्याचे कठीण लाकूड. म्हणजे व्युत्पत्तीचा कौल ‘मजबूत’लाच. तरी मी तो मानणार नाही. इथे शब्दाला भिंत धरायची नाही, पाऊस झेलायचा आहे.

तेव्हा ‘काजू कारखान्यांची कार्यक्षमता मोजण्याच्या काटक पद्धती’ असे लिहा. परीक्षक अडून बसलेच, तर पहिल्या पानावर एकदा कंसात ‘रोबस्ट’ घाला आणि पुढे बिनधास्त काटक.