चांगल्या दाढेला सीलंट कशाला?

लहान मुलांच्या दातांच्या ओपीडीत मी पालकांशी बोलायचं काम करते, म्हणजे डॉक्टर दोन मिनिटांत सांगून पुढच्या पेशंटकडे वळले की उरलेले प्रश्न माझ्या टेबलावर येतात.

मागे एक ताई आल्या, मुलगा सात वर्षांचा, सोबत सासूबाई. पोराच्या दुधाच्या दोन दाढा किडलेल्या, आणि डॉक्टर म्हणाले मागच्या नवीन दाढांना सीलंट, म्हणजे कीड लागू नये म्हणून वरून द्यायचा पातळ थर, लावून घ्या. बाहेर आल्याआल्या ताई, "मॅडम, किडलेल्याचे पैसे घ्या, पण चांगल्या दाढेचे पण?" आणि आजी, "पडणारेच दात ते, कशाला खर्च!"

आधी आजींना घेतलं. सहाव्या वर्षाच्या आसपास जी दाढ येते ती दुधाच्या दाढांच्या मागे येते, तिच्यासाठी कुठला दात पडतच नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच नसतो की ही आता जन्मभराची. आजींच्या हातात टॉर्च दिला, पोराला म्हटलं आ कर. त्या दाढेच्या खाचेत बिस्किटाचा चोथा बसलेला, सकाळी ब्रश करूनसुद्धा. आजी गप्पच. खाचा कधीकधी ब्रशच्या केसापेक्षा अरुंद असतात, तिथे घासणारा तरी काय करणार. सीलंट म्हणजे त्या खाचा आधीच बुजवून टाकायच्या. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या मते मागच्या दातांतली 80 टक्के कीड त्याने 2 वर्षं टळते, आणि 4 वर्षांपर्यंत 50 टक्के.

ताईंना वेगळंच खात होतं. हळूच म्हणाल्या, रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपायचा, माझ्यामुळेच किडले ना? बाटलीने किडतात हे खरंय, मी खोटं नाही बोलले, पण म्हटलं ताई, त्या दाढा गेल्या, ह्या चार अजून तुमच्या हातात आहेत. रडल्या थोड्या. (सीलंटबद्दल बोलायला बसतो आणि निघतं भलतंच, हे माझ्या टेबलावर नेहमीचं.)

मग काम झालं. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. दाढ साफ करून जेल लावतात, धुऊन सुकवली की ती खडूसारखी पांढरी दिसते, मग पातळ सीलंट सोडून निळ्या लाईटने कडक करतात. दाढ कोरडी राहणं महत्त्वाचं, थुंकी लागली की चिकटत नाही. म्हणूनच तीनच झाल्या, चौथी अजून अर्धी हिरडीखाली होती, तिला नंतर बोलावलं. पोरगं म्हणालं, हे तर नेलपॉलिश! दोन दातांच्या मधल्या फटीत मात्र सीलंट पोचत नाही, तेव्हा ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट चालूच ठेवा हे तीनदा सांगितलं.

सहा महिन्यांनी ताईंचा फोन, चिडूनच, "मॅडम एक कोपरा उडालाय, पैसे वाया गेले का?" म्हटलं नाही हो, तेवढंच परत भरतात, घेऊन या. पण तुम्हाला दिसलं कसं? तर म्हणे, "सासूबाई रोज रात्री टॉर्च मारतात ना."