४० वॅटच्या ट्यूब ॲम्पसाठी एफडी मोडू का?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत सुपरवायझर असलेल्या एका वाचकाने विचारलंय. पगार हातात ४६ हजार, होम लोनचा हप्ता १३,२००, घरखर्च २२ हजार, एसआयपी ३ हजार, आणि १ लाख ४० हजारांची एफडी. शनिवार-रविवार बँडमध्ये गिटार वाजवतात, सगळा सत्तरच्या दशकातला रॉक, खर्च जाऊन महिन्याला सरासरी ३ हजार सुटतात. ४० वॅटचा ट्यूब कॉम्बो, म्हणजे काचेच्या ट्यूबवर चालणारा आणि स्पीकर आतच असलेला गिटारचा ॲम्प, बघून आलेत, ९२ हजार. त्याच कंपनीचा २० वॅटचा ६१ हजार. एफडी मोडू की कार्डावर हप्ते पाडू?

दादा, ॲम्प घेऊच नका असं मी सांगणार नाहीये. आठवडाभर शिफ्ट करून माणूस दोन दिवस वाजवतोय आणि वर घरात चार पैसे आणतोय, त्याच्याकडं चांगलं वाद्य असायलाच पाहिजे. पण ९२ हजारांचा नको, आणि एफडीला हात लावून तर अजिबात नको.

तुमचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ३५,२०० होतात, म्हणजे ही एफडी जेमतेम चार महिन्यांची शिदोरी आहे, त्यातनं ९२ हजार काढले की ४८ हजार उरतात, दीड महिनासुद्धा निघत नाही. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की वडील ६३ चे आहेत, शुगर आहे, मेडिक्लेम नाही. मला सगळ्या पत्रात तेच वाक्य सगळ्यात जड वाटलं. मिरजेतली हॉस्पिटलं जवळ आहेत हे खरं, पण ॲडमिट करताना डिपॉझिट आधी भरायला लागतं, त्या रात्री ॲम्प कुणाला विकणार?

कार्डाचं गणित पण बघा. १२ हजार रोख आणि ८० हजार १६ टक्क्यांनी २४ महिने म्हटलं तर हप्ता साधारण ३,९१७ बसतो, व्याजच १४ हजार, ॲम्प पडला १ लाख ६ हजारांना. नो कॉस्ट ईएमआय म्हणाले तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी तुमच्याच खिशातनं जातो, आणि रोखीत दुकानदार जे कमी करणार होता ते पण गेलंच.

आता आवाजाचं बोलू, कारण माझं खरं म्हणणं तिथंच आहे. तुम्हाला जो आवाज पाहिजे तो आला कुठनं? जिम मार्शलच्या लंडनमधल्या दुकानात १९६२ ला पहिला मार्शल ॲम्प बनला तो फेंडर कंपनीच्या बेसमन ॲम्पवरनं, पुढं त्यात ईएल३४ जातीच्या ट्यूब आल्या, १०० वॅटपर्यंत गेले, कारण मोठ्या हॉलमध्ये गिटार मागच्या रांगेपर्यंत पोचवायची होती. मार्शलचा मास्टर व्हॉल्यूमवाला, म्हणजे एकूण आवाज वेगळा कमी करता येणारा ॲम्प १९७५ चा, त्याआधी ॲम्पचाच आवाज फाटायला पाहिजे तर ॲम्प जोरात लावण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हणजे तो टोन पॉवर ट्यूब, स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या ट्यूब, ताणल्यावर येतो. तुम्ही फ्लॅटमध्ये ४० वॅटच्या ॲम्पचा व्हॉल्यूम दोनच्या पुढं नेऊच शकणार नाही, मग ज्या आवाजासाठी पैसे मोजले तो कानावर पडणारच नाही. आणि ४० चे २० वॅट केले म्हणजे आवाज अर्धा होतो असं पण नाही, फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा. आवाज निम्मा वाटायला वॅट दहाव्या हिश्श्यावर आणायला लागतात.

गेल्या महिन्यात विश्रामबागला एका मित्राच्या प्रॅक्टिस रूममध्ये बसलो होतो, त्याच्याकडं २० वॅटचाच आहे. स्विच टाकला, मिनिटभर थांबला, मागच्या जाळीतनं ट्यूबच्या तारा नारंगी दिसायला लागल्या, तापलेल्या धुळीचा वास आला. तीनवर साधा स्वच्छ आवाज. सातवर नेला आणि तोच ए कॉर्ड असा भरून आला की खिडकीची काच थरथरली, मग त्यानं गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा मागं घेतला तर परत स्वच्छ. तंबोऱ्याची जवारी नीट लागली की एकच तार कशी भरून बोलते, मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ऐकलं असेल तुम्ही, मला तसंच वाटलं. तंबोऱ्यात ते घोडीवर होतं, इथं ट्यूबमध्ये.

गणपतीत मंडळाच्या स्टेजवर कमी पडेल ही भीती काढून टाका, साउंडवाला स्पीकरसमोर माइक लावतोच. घरासाठी मात्र २० वॅट पण जास्तच आहे, कमी पॉवरची सोय असलेलाच घ्या, नाहीतर ॲटेन्युएटर, म्हणजे ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये लावून आवाज कमी करायची पेटी. अमेरिकेतनं कुणी आणून देतो म्हणालं तर नको, तिथला ॲम्प १२० व्होल्टचा असतो, इथं थेट लावला की संपला.

तर असं करा. उरणाऱ्या ७,८०० पैकी ५ हजार आणि बँडचे ३ हजार, मिळून ८ हजारांची आरडी आठ महिने. ६४ हजार आणि वर थोडं व्याज. ६१ चा ॲम्प रोखीनं घ्यायचा, भाव करून, आणि राहिलेले ३ हजार ट्यूबसाठी बाजूला ठेवायचे. पॉवर ट्यूब झिजतात, मॅच्ड, म्हणजे एकसारखी मोजलेली जोडी घ्यावी लागते आणि बऱ्याच ॲम्पमध्ये बायस, म्हणजे ट्यूबमधनं जाणारा करंट, लावून घ्यावा लागतो, ते जाणकाराकडनंच करून घ्या, आत शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात. स्पीकरची वायर न जोडता ॲम्प कधीच चालू करायचा नाही, ट्रान्सफॉर्मर जातो आणि तोच महागातला भाग.

प्रॅक्टिस रूम गावभागात तळमजल्यावर आहे म्हणालात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तुम्ही बघितलंच असेल. पावसाळ्यात ॲम्प घरी वर आणायचा. घराचा विमा काढलात तरी त्यात घरातलं सामान धरतात, रूमवर ठेवलेलं नाही.

७,८०० मधले २,८०० मी मुद्दाम मोकळे ठेवलेत, ते वडिलांच्या पॉलिसीसाठी. शुगर आहे म्हणून त्या आजाराला वेटिंग पिरियड लागेल, म्हणजे तोवर त्याचा क्लेम मिळत नाही, जास्तीत जास्त ३ वर्षांचा, म्हणून तर आत्ताच सुरू करायची, आणि फॉर्मवर शुगर स्पष्ट लिहा, लपवलं तर क्लेम अडकतो. आरडी उघडाल त्याच आठवड्यात दोन-तीन कंपन्यांची कोटेशन मागवा आणि मला पाठवा, को-पेचा, म्हणजे बिलातला आपल्या खिशातनं भरायचा वाटा, तो कॉलम मी आधी बघतो.