मराठवाड्यातल्या पणजोबांचे आईवडील शोधताय?

जनगणनेच्या मागे लागू नका. घरोघरच्या नोंदी कायद्यानेच गुप्त असतात, त्या कुणालाच दाखवत नाहीत. आणि लग्नाचं रजिस्टर त्या काळी खेड्यात कोण ठेवणार?

आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. पणजीचं माहेर विचारा. लोक नेमकं तेच विसरतात. मग तहसीलला १९५४ च्या खासरा पत्रकाची, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीची, नक्कल मागा. आताचा गट नंबर नको, जुना सर्वे नंबर द्या. त्यात 'रामजी वल्द सखाराम' असेल तर सखाराम हा बाप. 'सखूबाई जौजे रामजी' म्हणजे रामजीची बायको, बहुतेक वेळा विधवा. आईचं नाव मिळालं तर अशाच ओळीत मिळतं.

निजामकाळातले कागद बरेचसे उर्दूत, काही मोडीत. वाचणारा गाठा, अंदाजाने वाचू नका. साल फसली, म्हणजे महसुली असतं, त्यात ५९० मिळवा: १३५० फसली म्हणजे १९४०-४१.

नवे लोक हमखास फसतात ते आडनावावर. जुन्या कागदात ते पुष्कळदा नसतंच. शिवाय एका गावात रामजी चार! जमीन जुळल्याशिवाय त्याला आपला पणजोबा म्हणू नका.

घरातलं कुणी त्र्यंबकेश्वरला विधीसाठी गेलं होतं का? तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावानुसार नावं सापडतात.