उघड्या मुळांची रोपं घेताय?

अंजिराची उघड्या मुळांची, म्हणजे पिशवी-माती नसलेली रोपं मिळतायत म्हणताय, तर बिनधास्त घ्या. पिशवीतल्या रोपाचं आत काय चाललंय ते दिसत नाही. मुळं तळाशी गोल गुंडाळलेली असली, की दोन-तीन वर्षांनी झाड का खुंटलं म्हणून आपण डोकं धरून बसतो. इथं सगळं डोळ्यांसमोर असतं. बारीक मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक जंत, समजा आणि तिथूनच परत फिरा. मी एकदा हे दुखणं पिशवीतल्या मातीसकट रानात आणलं, डाळिंबाच्या दोन ओळी गेल्या.

शिवाय वजन नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पन्नास रोपं मोटारसायकलवर सहज येतात.

पण वेळ चुकवू नका. पानगळ झालेली, फांदीवरचे डोळे (कोंब) न फुटलेली रोपंच घ्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको, फेब्रुवारी सरला की नाद सोडा. खड्डे आधी तयार ठेवा. मुळं वाऱ्यावर सुकली तर रोप गेलंच. लावण्याआधी मुळं तासभर पाण्यात बुडवा, मोडकी टोकं छाटा. ठिबक पहिल्या दिवसापासून.

आंबा, चिकूची अशी पानगळ होत नाही, ते मात्र पिशवीतलेच आणा.