पुगाद बाबोय: गुबगुबीत माणसांची कॉलनी आणि बोलणारा कुत्रा

प्रश्न: मी दुबईत नोकरी करतो, ऑफिसात बरेच फिलिपिनो आहेत. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे एक जीर्ण झालेलं कॉमिक्सचं पुस्तक आहे, त्यात सगळीच माणसं जाडजूड आणि मधे एक कुत्रा. तो एकटाच वाचत हसत बसतो. नाव 'पुगाद बाबोय'. अर्थ विचारला तर म्हणाला, डुकरांचं घरटं! हे अपमानास्पद नाही का? आणि आपल्या चिंटूसारखंच आहे का हे?

उत्तर: तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण माझीही ओळख अशीच झाली, आखातातल्या एका शेअरिंगच्या खोलीत. पुगाद म्हणजे घरटं आणि बाबोय म्हणजे डुक्कर, अर्थ बरोबरच सांगितलाय त्याने. पण यात डुकरं कुठेच नाहीत, मनिलातली एक साधी मध्यमवर्गीय वस्ती आहे जिथे जवळजवळ सगळेच लठ्ठ, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. जेवण आलं की सगळे गोळा. बारीक माणूस कुणाची टिंगल करतोय असं यात होत नाही कारण सगळेच एका मापाचे, म्हणून मला हे नाव अपमानाचं वाटत नाही, घरातलं टोपणनाव असतं तसं वाटतं.

काढणारा चित्रकार पोल मेदिना ज्युनियर. शिक्षण आर्किटेक्चरचं, आणि 1980च्या दशकात नोकरीला इराकमध्ये, तेही इराण-इराक युद्ध चालू असताना. या मंडळींची सुरुवात तिथलीच. म्हणजे तुमच्या सहकाऱ्यासारखाच तोही घरापासून लांब राहिलेला माणूस, आणि लांब राहून माणसाला काय आठवतं तर गल्ली, शेजारी, त्यांचं बोलणं आणि खाणं. परत आल्यावर 18 मे 1988 पासून 'फिलिपीन डेली इन्क्वायरर'मध्ये ही पट्टी (कॉमिक स्ट्रिप) रोज यायला लागली. हुकूमशहा मार्कोसला जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती, पेपरं मोकळं लिहायला लागली होती, आणि त्या मोकळेपणाचा वारा या पट्टीत सुरुवातीपासून आहे.

आता माणसं. दागूल हा घरचा कर्ता, त्याला सगळे 'मँग दागूल' म्हणतात. हे 'मँग' वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावापुढे लावतात, आपण 'काका' म्हणतो ना तसंच, फक्त आपण मागे लावतो ते पुढे. बायको देब्बी, मुलगा उतोय, मुलगी टायनी (नाव टायनी आणि अंगाने भरभक्कम), कामाला ब्रोसिया, आणि कुत्रा पोल्गास. पुल्गास म्हणजे पिसू, कुत्र्याला पिसूचं नाव! हा पोल्गास बोलतो, मतं मांडतो, आणि वस्तीत कुणालाही यात नवल वाटत नाही. मधेच लांब कथा येतात, त्यात तो गुप्तहेर होऊन गुन्हेगारांच्या टोळीत शिरतो. मला विचाराल तर पट्टीचा जीव तोच आहे, कारण जे माणसाच्या तोंडी घातलं तर भांडण होईल ते कुत्रा बिनधास्त बोलून जातो.

शेजारी तोमास, फौजेतला सार्जंट, आणि त्याची बायको बार्बी. आणि 'का नोली' हा डोंगरातला कम्युनिस्ट बंडखोर. सरकारी फौजेतला शिपाई आणि जंगलातला बंडखोर एकाच पट्टीत, दोघांनाही माणूस म्हणून वागवलंय, ज्या देशात ही लढाई 1969 पासून चालू आहे तिथे हे रोजच्या पेपरात करणं सोपं नव्हतं. भ्रष्ट सेनेटर काबाल्फिन आहे, त्याला मात्र मेदिनाने कधी सोडलं नाही.

चिंटूशी तुलना करायची तर 1991 पासून सकाळमध्ये आलेला आपला चिंटू मुलांच्या जगातला, सकाळी चहासोबत सगळ्या घराने वाचावा असा. पुगाद बाबोय मोठ्यांचं, दारू आहे, राजकारण आहे, चावटपणा आहे. साम्य एकच की दोन्हीकडे वाचणाऱ्याला आपली गल्ली दिसते.

एक गोष्ट मला खटकते ती सांगतो. ब्रोसिया विसायाकडची, म्हणजे देशाच्या मधल्या बेटांवरची, आणि तिकडची माणसं टागालोग (मनिलाकडची भाषा) बोलताना इ चा ए आणि उ चा ओ करतात, त्यावर बरेच विनोद आहेत. माझा रूममेट मला पानावर बोट ठेवून दाखवायचा, हे बघ, इथे हा शब्द असा लिहिलाय कारण ती असा बोलते. तो हसायचा, पण आमच्याच मजल्यावरचा एक विसायाचा मुलगा हसायचा नाही. कामवालीच्या बोलीवर हसणं आपल्याकडेही भरपूर चालतं, नाटकात सिनेमात, म्हणून ते लगेच ओळखू आलं आणि आवडलं नाही.

प्रश्न: ही पट्टी बंद पडली असं ऐकलं, खरं का?

उत्तर: इन्क्वायररमधून गेली. जून 2013 मध्ये समलैंगिक मुलींबाबतच्या दुटप्पीपणावर एक पट्टी आली, त्यात मनिलातल्या एका कॅथलिक मुलींच्या शिक्षणसंस्थेचं नाव घेतलं होतं. संस्थेने आक्षेप घेतला, मेदिनाने माफी मागितली, आणि 25 वर्षांचं इन्क्वायररशी नातं संपलं. त्याच वर्षी पट्टी 'रॅपलर' या न्यूज साइटवर सुरू झाली. माझं मत, नाव घेणं चूक होतं, विषय काढणं चूक नव्हतं.

प्रश्न: फिलिपिन्समधलं पहिलं गाजलेलं विनोदी पात्र हेच का?

उत्तर: नाही हो, त्याच्या आधी जवळपास साठ वर्षं केंकोय! जानेवारी 1929 मध्ये 'लिवायवाय' साप्ताहिकात आला, चित्रं टोनी वेलास्केस आणि मजकूर रोमुआल्दो रामोस. केसांना चोपडून तेल, ढगळ पँट, तोंडात मोडकंतोडकं इंग्रजी, अमेरिकन राज्यात साहेबी थाट करू बघणारा पोरगा. तो इतका लोकांच्या तोंडी बसला की टागालोगमध्ये हसवणाऱ्या, गमत्या माणसाला आजही 'केंकोय' म्हणतात, आपण जसं एखाद्याला शेखचिल्ली म्हणतो. सहकाऱ्याला हा शब्द म्हणून दाखवा, बघा कसा खुलतो.

प्रश्न: भाषा येत नसताना वाचता येईल का? घरी सातवीतला मुलगा आहे, त्याला द्यावं का?

उत्तर: मुलाला आत्ता नको, दहावीनंतर बघा. तुम्ही मात्र वाचा, भाषा टागालोग आणि इंग्रजीची मिसळ असते त्यामुळे अर्धं तसंच कळतं. शिवाय काही शब्द आपल्याच संस्कृतातून पूर्वीच तिकडे पोचलेत, मुखा म्हणजे चेहरा, गुरो म्हणजे शिक्षक, आसा म्हणजे आशा, दिवाता म्हणजे वनदेवता. पुस्तकांना नंबर असतात, पहिल्यापासून घ्या, एकदम मधलं घेतलं तर राजकारणाचे संदर्भ लागत नाहीत. आणि जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्याला एक पान मोठ्याने वाचायला सांगा, पोल्गासचा आवाज तो वेगळा काढेल, माझा रूममेट काढायचा.